तिघांची एकच चूल

मी एक जुनी लोखंडी चूल आहे, मित्रांनो. अणदूरच्या लोहाराने मला घडवले, आणि तेव्हापासून चटके देणे हाच माझा धंदा. आजही देणार आहे, तेव्हा जरा जपून ऐका.

ही निजामाच्या राज्यातली, दुसऱ्या महायुद्धाच्या महागाईतली गोष्ट. शांतलिंग, बलभीम आणि बिरू ही आमच्या गावची तीन पोरे धाराशिवला मोठ्या शाळेत आली. शांतलिंग लिंगायताचा, बलभीम कुणब्याचा, बिरू धनगराचा. एकट्याला खोली परवडण्याचे नावच नको, म्हणून तिघांनी मिळून घ्यायचे ठरवले. बिरूच्या बापाने तर बजावूनच धाडले होते, की राहायची सोय झाली नाही तर गुमान परत ये आणि मेंढरांमागे जा.

मला डोक्यावर घेऊन बिरू गल्लोगल्ली हिंडला. काय सांगू तुम्हाला! कितवीत शिकता, हे एकाही मालकाने विचारले नाही. दार किलकिले करून सगळ्यांचा सवाल एकच, कुणाची पोरं तुम्ही? तिघांची उत्तरे ऐकली की दार बंद. माझे लोखंड थंडच होते, तरी आतून पेटले होते.

शेवटी कोंडीराम नावाच्या मालकाने मागची खोली दिली. अट घातली, की तीन जातींनी तीन चुली मांडायच्या. खोली एवढीशी, जळण महाग! पोरांनी मान डोलावली आणि भाकरी मात्र माझ्या एकटीवर भाजू लागली. शांतलिंगासाठी बाकीच्यांनी मटणाचे नाव टाकले. कुणी कुणाला बाटवले नाही.

काडेपेटी त्या दिवसांत बाजारात दिसत नव्हती. म्हणून मालकीणबाई धुरपदाबाई रोज सकाळी गोवरीचा तुकडा घेऊन यायच्या आणि माझ्यातला विस्तव न्यायच्या. रात्री राखेत झाकलेला निखारा मी त्यांच्यासाठीही जपत असे.

एके सकाळी कोंडीराम अवचित खोलीत आले. एकच चूल, एकच तवा आणि भाकरी थापणारा बिरू पाहून त्यांचा तोल सुटला. माझ्या पायावर लाथ बसली, तो पाय आजही वाकडा आहे. दोघांनी राहावे, धनगराच्या पोराने बिऱ्हाड उचलावे, असे त्यांनी फर्मावले.

बिरू गाठोडे बांधू लागला. "म्या जातो. तुमी दोघं शिका," तो म्हणाला. शांतलिंगाने त्याचा हात धरला.

तेवढ्यात दारात धुरपदाबाई उभ्या राहिल्या. हातात गोवरी होती.

"अवं, आपल्या चुलीत रोज हितलाच विस्तव जातोय," त्या शांतपणे म्हणाल्या. "दिवाळीपासनं तुमी ह्याच्यावरलंच जेवताय. आता कुणाकुणाला भाईर काढता?"

धुरपदाबाई खाली बसल्या, नवऱ्यादेखत माझ्यातला निखारा गोवरीवर घेतला आणि घरात गेल्या. थोड्या वेळाने त्यांच्या माळवदावरच्या सवण्यातून, छताच्या त्या झरोक्यातून, धूर निघाला. कोंडीराम मुकाट्याने जेवायला गेले. बिरूने गाठोडे सोडले आणि दप्तर उचलले.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असे मी म्हणणार नाही. लोखंड आहे, गंजेन. पण उद्या तुमच्या दारी कुणी पोर खोली मागायला आले, तर आधी त्याला आत घ्या. आणि काही विचारायचेच असेल, तर जेवलास का, एवढेच विचारा.