सरळ रेघेत पाऊण तास

तिकिटांच्या दुकानामुळे गल्लीत तिला सगळे विमानबाई म्हणत. स्वतः ती विमानात मोजून चारदा बसलेली, पण तोंडाचा पट्टा असा की वैमानिकानेही ऐकत राहावं. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवायची आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, "हे बघा, सरळ रेघ. पाऊण तास. चहा पिऊन होतोय तोवर उतराल." विमानतळावरची रांग, ताटकळणं, पलीकडची टॅक्सी हे त्यात धरायचं नाही, हा धंद्याचा रिवाज.

वाईट एवढंच, की हा हिशेब तिने घरच्यांच्याही गळी उतरवला होता. आई धाकट्या भावाकडे, त्या रेघेच्या दुसऱ्या टोकाला. "राहू दे तुझ्याकडे. मी काय, पाऊण तासावर!" असं म्हणता म्हणता दोन वर्षं ती तिकडे फिरकली नव्हती.

सकाळी दूध गॅसवर असतानाच भावाचा फोन आला. "ताई, इस्पितळातून बोलतोय. डॉक्टर म्हणतात, बोलावून घ्या. आई शुद्धीवर आहे. तुझाच धोशा लावलाय."

नवऱ्याने चपला घातल्यासुद्धा. "गाडी काढतो. घाटाने गेलो तर जेवणवेळेला दारात."

"अहो, हाडं खिळखिळी करून घ्यायची हौस आहे का? अकराचं विमान आहे. तुम्ही घाटात हॉर्न वाजवत असाल तेव्हा मी आईच्या उशाशी असेन."

"वेळेवर सुटतं?"

"दुकान कुणाचंय?"

या प्रश्नापुढे त्याचं कधीच काही चालत नसे. त्याने चपला काढून ठेवल्या.

अकराचं विमान दीड वाजला तरी जागचं हललं नाही. पलीकडे ढग खाली उतरलेत, म्हणाले. गाडी एव्हाना पोचली असती, हे तिच्या मनात आलं आणि तिने ते झटकलं.

"कुठवर आलीस?" भावाचा फोन.

"निघतंयच रे, बसवलंय आम्हाला."

"सकाळपासून निघतंयच!"

मागून भावजय म्हणाली, "फोन आईंच्या कानाला लावू का, विचारा."

"नको गं बाई," विमानबाई घाईने म्हणाली, "फोनवर काय बोलायचं? समोरच येते. पाऊण तास."

विमान सुटलं आणि खरोखरच पाऊण तासात त्या शहरावर आलं. खाली मळक्या कापसासारखे ढग. एकदा ते फाटले आणि तिला पाण्याची टाकी दिसली, तिच्यामागे इस्पितळाची लांबट गच्ची. हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ. विमान घिरट्या घालत राहिलं. मग सांगण्यात आलं, उतरता येत नाही, परत फिरतोय.

ती पट्टा सोडून उभीच राहिली. "अहो, दिसतंय की मला! उतरवा ना!"

"काकू, बसून घ्या," हवाई सुंदरी म्हणाली.

शेजारच्याने विचारलं, "आता पुढचं विमान कधी?" तिने खिडकीला नाक लावून ती गच्ची पुन्हा शोधली.

जिथून निघाली तिथेच उतरून तिने फोन लावला.

"उतरलीस?" भाऊ म्हणाला.

"उतरले. पण... इथेच. परत आणलं रे."

त्याला बोलू न देता ती घाईघाईने म्हणाली,

"आईला फोन दे. लाव कानाला, मी बोलते."

"सारखी विचारत होती. वर विमानाची घरघर ऐकू आली, मी म्हटलं, आली बघ ताई, डोक्यावर आहे. तर वर छताकडे बघायला लागली. तशीच बघत राहिली गं. डोळे आम्हाला मिटावे लागले."