बिसाहिनचं आवतन

खोटं वाटलं तर छत्तीसगडातल्या बोरसीला जाऊन विचारा. तिथं माझं बोलणं कुणी खरं मानत नाही, ही गोष्ट वेगळी.

प्राचीच्या लग्नाची हळद दळायचं चाललं होतं. त्या घरची रीत अशी, की जात्यात मूठ टाकताना घरातल्या मेलेल्या बायकांना नावानिशी आवतन द्यायचं. प्राचीच्या आईनं, रत्नमालाबाईंनी, आपल्या सासूचं नाव घेतलं, ‘कमलिनी’. आणि जातं अडलं.

खुंटा ठोकला, तळी पुसली, चौघी मिळून ओढू लागल्या. जातं हलेना. तेवढ्यात मागच्या दारातून बाशीचा, म्हणजे पाण्यातल्या शिळ्या भाताचा, आंबूस वास आला. त्या घरात बाशी तर सासूबरोबरच संपली होती.

सासू तिथलीच, छत्तीसगडी. बोरसीजवळ पोलादाचा कारखाना उभा राहत होता तेव्हा वर्ध्याहून आलेल्या जानरावांनी पायाभरणीच्या कामावरच्या या मजुरणीशी लग्न केलं. तांदळात नवं नाव लिहिलं, तिचं माहेर तोडलं, बोली बंद केली. तिच्या हातचं खाऊन वाढलेला मुलगा धनंजय, प्राचीचा बाप, सोयऱ्यांना सांगे, आमच्यात भेसळ नाही. प्राचीची सोयरीकही त्याच शब्दावर जुळलेली, आणि नवऱ्या मुलाची आत्या तर जात्यालाच बसलेली.

शेवटच्या दुखण्यात ‘कमलिनी’ म्हटलं की म्हातारी वळूनही पाहत नसे. एकदा प्राचीचा हात धरून आपल्या बोलीत म्हणाली होती, “मोर नाव बिसाहिन ए, नोनी.” माझं नाव बिसाहिन आहे, पोरी.

प्राची जात्याशी आली. धनंजयनं डोळे वटारले, लग्न मोडेल म्हणून दबक्या आवाजात बजावलं.

“मोडू द्या, बाबा. आजीले दाराबाहेर ठेवून मले बोहल्यावर नाही चढायचं.” तिनं मूठ टाकली. “बिसाहिन आजी, ये.”

जातं फिरलं. आत्याबाईंनी मात्र खुंट्यावरचा हात काढून घेतला. म्हातारी कोणत्या गावची, एवढंच विचारलं. गुंडरदेहीकडची, असं प्राचीनं सांगितलं. मग आत्याबाईंनीच हळकुंडं उचलली.

“माझी आजी तेलंगी होती, नरसम्मा. घरात तिचं नाव कोणी काढत नाही. तिलेबी बोलाव.”

मग शेजारीण बोलली, मग तिची जाऊ. कुणाची उडिया, कुणाची गोंड, कुणाची पार बंगालातून आलेली. दिवे लागले, हळद संपली, नावं संपेनात. अंगणात बायका मोजक्याच, तरी बसायला जागा उरली नाही.

धनंजय दाराशी उभा होता. कुणाला तरी आत यायला वाट द्यावी तसा तो अंग चोरून भिंतीला सरकला आणि हळूच म्हणाला, “ये, माय.”