गोठ्यामागच्या खोलीतला दोर

मित्रांनो, मी एक जुना अंबाडीचा दोर आहे. आंजी गावच्या नाल्यात अंबाडी भिजवून, तिचा वाख म्हणजे धागे काढून चिंधू गड्याने मला वळले. विहिरीवर किंवा बैलांच्या कामाला जाईन, असे मला वाटले होते. पण घरच्या थोरल्या शकुबाईने मला गोठ्यामागच्या खोलीत ताणून बांधले. तिथे खिडकी नव्हती.

घरातल्या बायका पाळीची कापडे माझ्यावर वाळत घालीत आणि कुणाला दिसू नयेत म्हणून वरून जुने लुगडे पसरीत. कापडे दमटच राहत आणि तशीच पुन्हा वापरली जात. माझ्या अंगावर पांढरी बुरशी धरली. वारा नसतानाही ते लुगडे हलके हलायचे. का, ते मला आजवर कळले नाही. गावात म्हणत, त्या खोलीत हडळ राहते.

मग शकुबाईची सून नलू गरोदर राहिली. गरोदर बाईची कापडे दोरावर येत नाहीत. नलूची येतच राहिली. त्यांवर रक्त नव्हते, फाटलेल्या दह्यासारखे पांढरे काही होते. नुकताच तिला मुदतीचा ताप येऊन गेला होता आणि त्यावर तिने जोरकस कॅप्सूल घेतल्या होत्या. आता अंगाची अशी आग आणि खाज व्हायची, की ती भिंतीला टेकून मुक्याने रडायची. शकुबाईला ही बाहेरची बाधा वाटली. देवऋषी म्हणाला, अमावास्येला मांडीवर डागावे लागेल.

अमावास्येच्या आदल्या दुपारी नलू खोलीत आली. माझ्यावरून मुंग्यांची काळी रांग चालली होती. नलूच्या कापडाला न शिवता ती रांग पुढे गेली आणि टोकाच्या फडक्यात शिरली. ते फडके शकुबाईचे होते. तिची पाळी तर केव्हाच बंद झाली होती. शकुबाई दारातच उभी होती.

"आत्याबाई, तुमालेबी होते का हे?"

शकुबाई हळूच उंबऱ्यावर बसली.

"लय वर्सापासून होते. कोनाले सांगू?"

"मंग मले डागून काय होईन?"

संध्याकाळी शकुबाईने देवऋषीला येऊ नका म्हणून निरोप धाडला.

दोघी वर्ध्याला डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आल्या. तिथे काय कळले, ते त्या माझ्याखाली बसून बोलल्या. हा बुरशीचा आजार होता. ती बुरशी पुष्कळ बायकांच्या अंगात थोडी असतेच. गरोदरपणात, जोरकस औषधांनंतर किंवा साखरेच्या आजारात ती माजते. ओल्या कापडात तिचे आणखी फावते. यात पाप नाही, भूत नाही. शकुबाईच्या लघवीत साखर जात होती, मुंग्या तिलाच लागल्या होत्या. दोघींना लावायला जांभळे औषध मिळाले. खोलीत डोकावलेल्या शेजारणी त्याच्या डागांची फडकी पाहून अधिकच दचकल्या.

नलूची आग शमली. पुढे तिला मुलगी झाली. शकुबाईचा साखरेचा आजार मात्र सुटला नाही. तो तिने पथ्याने आणि औषधाने सांभाळला. कापडे तिने अंगणात उन्हात घालायला लावली. पहिल्या दिवशी तिचा मुलगा प्रभाकर मान खाली घालून बाहेर निघून गेला. शकुबाई ओसरीवर बसून राहिली. कुणी डोकावले, तर नजर हटवीत नव्हती.

माझ्यावर आता कुणी काही घालत नाही. मित्रांनो, माझ्यासारखा एखादा दोर तुमच्याही घरात अंधारात ओले ओझे धरून असेल. त्याला घाबरू नका. ते कापड जिचे आहे, तिला एकदा जवळ बसवून विचारा, तुला काही त्रास आहे का.