शेन्झेनची पैज

चीनला निघण्याआधी मी माझ्या मुलाला, अमितला, बजावून सांगितलं होतं, "दहा दिवस तिकडे एकटा राहून दाखवतो. जमलं, तर ‘बाबा, आमच्याकडे राहायला या’ हे पालुपद बंद. नाही जमलं, तर मुकाट्यानं सामान बांधतो."

तो राहतो बंगळूरच्या एचएसआर लेआउटला, मी त्याच शहरात चामराजपेटेतल्या जुन्या घरात. प्रेमाला, माझ्या बायकोला, जाऊन दीड वर्ष झालं होतं. मला सत्तरीला दोनच वर्षं कमी. चौतीस वर्षं सरकारी कारखान्यात इंजिनिअर होतो. आता मुलाच्या हॉलमध्ये पेपर वाचत बसणं माझ्याच्यानं होणार नाही, असं माझं ठाम मत. सून यशश्रीनं तिची ट्रेकिंगची सॅक दिली आणि म्हणाली, "बाबा, कशाला हात दाखवून अवलक्षण?" मी सॅक पाठीवर मारली आणि निघालो.

शेन्झेनच्या रस्त्यावर उभा राहिलो आणि वाटलं, आपले कान गेले की काय. बस विजेच्या, स्कूटर विजेच्या, हॉर्न जवळजवळ नाहीच. इमारती इतक्या उंच, की वर बघताना डोक्यावरची टोपी पडली. पण बंगळूरच्या माणसाला खरं कौतुक फुटपाथचं. दोन किलोमीटर चाललो, एकदाही खाली बघावं लागलं नाही.

कुठे काही अडतही नव्हतं. खानावळीत फोनवर चित्र निवडलं, की वाडगा समोर. मेट्रोतही तोंड उघडायची गरज नाही. चामराजपेटेत समोरच्या भाग्यलक्ष्मी अक्का रोज गॅलरीतून "ऊट आयता?" म्हणून ओरडतात, जेवलात का विचारतात, आणि मी रोज वैतागतो. इथे विचारणारं कुणी नव्हतं. म्हटलं, सुटलो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉटेलात टॉवेल मागवला, तोही फोनवरच. बेल वाजली. दार उघडता उघडता सवयीनं तोंडातून निघालं, "या, या, आत या. बसा. पाणी आणतो हं."

दारात कमरेएवढा पांढरा रोबो. त्याचं झाकण उघडलं, आत टॉवेल होता. मी तो घेतला, झाकण मिटलं, आणि रोबो वळून लिफ्टकडे चालता झाला.

मी एकटाच हसलो. मग लक्षात आलं, विमानतळ सोडल्यापासून मी मोठ्यानं बोललेली ही पहिलीच वाक्यं. तीन दिवसांत माझ्या आवाजाची कुणाला गरज पडली नव्हती. पलंगावर बसलो आणि चक्क रडलो. प्रेमा गेली तेव्हाही इतका रडलो नव्हतो. चामराजपेटेतही संध्याकाळी मी असाच बसलेला असतो, हे कबूल करायला मला चीनपर्यंत यावं लागलं.

तोंड धुतलं आणि अमितला फोन लावला. सांगणार होतो, बाबा रे, मी हरलो, तुमच्याकडे येतो.

"बाबा!" तोच आधी सुरू झाला. "तुम्ही पाठवलेले फोटो यशश्री अख्ख्या बिल्डिंगला दाखवतेय. तीन दिवसांत एक तक्रार नाही! माझंच चुकलं, तुम्हाला उगाच म्हातारं समजत होतो. पैज तुम्ही जिंकलीत."

"अजून सात दिवस आहेत," मी म्हटलं.

"असू देत. मला पटलं. आता पुन्हा कधी तुम्हाला ‘या’ म्हणणार नाही. शब्द देतो."

त्याच्या आवाजात माझा केवढा अभिमान होता. सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आमचं म्हणजे पडलो तरी नाक वर.

"सरी, बरं तर," मी म्हटलं. "ठरलं मग."

अमित शब्दाचा पक्का आहे. मीच शिकवलंय त्याला.