विनंती प्रलंबित आहे

रोहिणीचं पत्र येऊन तीन आठवडे होत आले, तरी झुंबरनाना पगारे यांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. वहीच्या पानावर लिहिलेलं, पाकिटात घालून तिकीट लावून पाठवलेलं लहानसं पत्र. विंचूरहून नाशिकला हल्ली कोण पत्र पाठवतं! पण बारा वर्षांच्या नातीनं त्याचं कारणही लिहिलं होतं : 'फोनवर काही विचारलं की तुम्ही नुसते जोडलेले हात पाठवता.' आणि खाली : 'आजोबा, तुम्ही हो पण म्हणत नाही आणि नाही पण म्हणत नाही. नाही म्हणाला असतात तर मला भांडता तरी आलं असतं.'

याला काय उत्तर द्यायचं, हेच नानांना सुचत नव्हतं.

सुरुवात उन्हाळ्यात झाली होती. नानांचा मुलगा संघर्ष विंचूरच्या एका कारखान्यात कामाला. तिथे फोन गेटवरच जमा करावा लागे. सून सविता दवाखान्यात नर्स. ड्यूटीवर तिचा फोन कपाटात. रोहिणीला फोन द्यायचा ठरला तेव्हा कुटुंबाचं खातं उघडायची वेळ आली, आणि पालक म्हणून कुणाला घालायचं हा प्रश्न आला. मुलगी काही मागेल तेव्हा दिवसा फोन बघणारं माणूस हवं.

"नाना घालू," संघर्ष म्हणाला. "नाना दिवसभर घरीच असतात."

त्या दिवसापासून रोहिणी मुलाच्या खात्यात आणि नाना पालकाच्या. अभ्यासाच्या वेळी तिचा फोन आपोआप बंद होई. तिला नवं ॲप हवं असलं की नाशिकमध्ये नानांचा फोन वाजे. एक हिरवं बटण, एक लाल.

नानांनी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून केली होती. प्रकरण वाचायचं, टिपणी लिहायची, खाली 'मान्यतेस्तव सादर' असं सुंदर अक्षरात लिहायचं आणि फाईल साहेबांच्या टेबलावर ठेवायची. सही साहेबांची. चूक झाली तरी ती साहेबांचीच. आता या वयात आपणच साहेब झालोत, हे त्यांना काही केल्या पचत नव्हतं.

शब्दकोश, बुद्धिबळ अशा सोप्या मागण्या त्यांनी मंजूर केल्या. अर्थात दोन-दोन दिवस विचार करून. मग रोहिणीनं एक गोष्टींचं ॲप मागितलं. तिथे मुलं गोष्टी लिहीत, लोक वाचत, खाली अभिप्राय देत. नाना अडकले. गोष्ट लिहितेय, ही केवढी आनंदाची बातमी! पण वाचणारे कोण? ॲपच्या अटी त्यांनी भिंगाखाली धरून वाचल्या. शंका कागदावर उतरवल्या. ज्या शंकेचं उत्तर मिळे, तिच्या पोटातून आणखी दोन निघत. विनंतीची मुदत संपली. रोहिणीनं पुन्हा पाठवली, तीही संपली. मग पत्र आलं. आणि त्यानंतर फोन वाजायचाच थांबला.

"अहो, लाल तरी दाबा," विमलाबाई लसूण सोलता सोलता म्हणाल्या. "जन्मभर दुसऱ्याच्या सहीची वाट बघितलीत, आता पोर तुमच्या सहीची वाट बघतेय. तुमच्या साहेबांना बोलावू का?"

"साहेब वारले," नाना म्हणाले.

"मग सुटले बिचारे!"

रविवारी सकाळी नाना विहारातल्या वाचनालयाची पुस्तकं लावून घरी आले, तर दारात संघर्षची मोटरसायकल. तो हेल्मेट हातात घेऊनच बसला होता.

"नाना, तुमचा फोन द्या. रोहिणीचं खातं बंद करायचंय. तुमच्याच फोनवरून होतं ते."

"काय झालं?"

"पोरीनं मोहिनीच्या फोनवरून गोष्ट टाकली. मैत्रीण आहे ना तिची, शेजारची. तिच्या फोनला ना कुलूप, ना काही. खाली कुणीतरी लिहिलं, छान लिहितेस, कुठल्या शाळेत आहेस? मोहिनीच्या आईनं बघितलं म्हणून कळलं. रोहिणीचा फोन मी कपाटात टाकलाय. आता खातंच नको."

नाना खाली बसले. पाणी विचारायचंही त्यांना सुचलं नाही.

"त्या माणसाला रोहिणी काय म्हणाली?"

"काही नाही. मोहिनीला म्हणाली, याला उत्तर देऊ नको, बंद कर."

"म्हणजे कळतं तिला."

"नाना, चोरून केलं तिनं!"

"चोरून कुठे? आधी मला विचारलं होतं. तीनदा." नाना म्हणाले. "दोनदा फोनवर आणि एकदा पत्रानं. मी एकदाही बोललो नाही. माझ्या दारात उभी राहून कंटाळली आणि जिथे दार नव्हतं तिथून गेली."

संघर्षनं हेल्मेट खाली ठेवलं. विमलाबाईंनी चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला आणि मुद्दाम आत गेल्या नाहीत.

"खातं बंद केलंस तर त्या खात्यात तिनं लिहून साठवलेलं सगळं जाईल," नाना म्हणाले. "आणि पुढच्या वेळी ती तुलाही विचारणार नाही, मलाही नाही. मी फोन देत नाही."

वडील 'देत नाही' म्हणाल्याचं संघर्षला आठवत नव्हतं. तो आईकडे बघायला लागला.

"माझ्याकडे काय बघतोस? मीसुद्धा पहिल्यांदाच ऐकतेय," विमलाबाई म्हणाल्या.

"आणि पुन्हा काही झालं तर?" संघर्षनं विचारलं.

"होईलही. मला खात्री नाही," नाना म्हणाले. "पण तिनं विचारलं, की त्याच दिवशी मी उत्तर देईन. चुकलो तर माझ्या नावावर. संध्याकाळपर्यंत बोललो नाही, तर पालक म्हणून मला काढ आणि सविताला घाल."

संघर्षनं चहा संपवला. "फोन आठवडाभर कपाटातच राहील," तो उठताना म्हणाला, "पण खातं राहू द्या."

तो गेल्यावर नानांनी कागद घेतला. पहिली दोन पानं फाडली. त्यांत टिपणीचा वास येत होता. तिसऱ्यावर लिहिलं :

'चि. रोहिणी, उत्तराला उशीर केला, ही माझी चूक. मला भीती वाटत होती, आणि ती तुला सांगायला लाजत होतो. गोष्टींच्या ॲपला माझा होकार आहे. खालचे अभिप्राय मात्र तू मोठी होईपर्यंत बंद ठेवायचे. तुझं खरं नाव, शाळा, गाव तिथे लिहायचं नाही. त्या माणसाला उत्तर दिलं नाहीस, ते मला फार शहाणपणाचं वाटलं. अभिप्राय बंद ठेवणं पटलं नाही तर भांडायला ये. मी घरीच असतो. तुझा आजोबा.'

पत्त्यावर संघर्षचं नाव न घालता त्यांनी फक्त तिचंच घातलं : कुमारी रोहिणी संघर्ष पगारे. उद्या पुन्हा वाचून पाठवू, असं एकदा मनात आलं. मग ते चपला घालून तसेच निघाले आणि कोपऱ्यावरच्या लाल पेटीत त्यांनी पाकीट टाकलं.