काही करायचं नाही

कर्जत स्टेशनावर कोंडाजीने न मागता बटाटेवडा घेऊन दिला, तेव्हाच बायजाला कळलं की आपलं काही खरं नाही. लग्नाला आठ वर्षं झाली, पण या माणसाने जत्रेतले शेंगदाणेसुद्धा मागितल्याशिवाय दिले नव्हते.

"काय म्हनला डाक्टर?" तिने विचारलं.

"किडनीत गाठ हाय म्हनला. पान्याची का कसली." कोंडाजी रुळांकडे बघत होता. "काय करायचं नाय, घरी न्या. वर्सानं दाखवा, म्हनला. तवर..." पुढचं त्याने गिळलं.

भाताच्या लावणीत कंबर धरली म्हणून नेरळच्या डॉक्टरने तिला मुंबईला सोनोग्राफी नावाचा नवा फोटो काढायला धाडलं होतं. तिथे पोचेपर्यंत कंबर सुटलीही होती. डॉक्टर बोलला तो कोंडाजीशी. बायजा बाहेर बाकावर. तो आणखीही पुष्कळ बोलला असेल. पण गावात 'घरी न्या' हे ज्याच्या बाबतीत सांगितलं गेलं, तो पुन्हा कधी उठून बसला नव्हता. ते दोन शब्द पडल्यावर कोंडाजीच्या कानात पुढचं काही शिरलंच नाही.

बायजा रडली, ती पोरीसाठी. मैना जेमतेम पाच वर्षांची. शेजारचं सावत्र आईच्या हाती पडलेलं पोर थंडीत ओसरीवर निजताना तिने पाहिलं होतं. आपण गेल्यावर कोंडाजी कुणाला तरी आणणारच; मग आणायचीच तर आपल्या डोळ्यांदेखत, आपण पारखून आणावी. कोंडाजी नाही नाही म्हणाला. त्या नकारात फारसा जोर नव्हता, हे तिला तेव्हाही जाणवलं.

जनी तिची मावसबहीण, चौक गावाकडची. नवरा काविळीने गेलेला, पदरी मूल नाही, स्वभावाने गरीब. दिवाळीनंतर कोंडाजीशी तिचा पुनर्विवाहाचा पाट लागला. पाटावर बसायला बायजानेच आपलं हिरवं लुगडं तिला नेसवलं. गावच्या बाया म्हणाल्या, काळीज असावं तर असं. लोकांचं काय जातं म्हणायला!

मग बायजाने तिला घर शिकवायला घेतलं. कोंडाजीला पेज किती पातळ लागते, बियाणाचे वाल कुठे ठेवायचे, कुठली गाय लाथ मारते. मैना निजताना आईच्या कानाची पाळी धरायची. ती सवय जनीच्या कानाला लागावी म्हणून बायजा माजघर सोडून पडवीत निजायला गेली. पोर दोन रात्री रडली, तिसऱ्या रात्री नाही. बायजाला समाधान वाटलं, आणि त्याच समाधानाने तिचं काळीज चिरलं.

मरण मात्र येईना. उलट तिचं अंग भरलं. पहिल्यांदा हळहळणारे लोक आता तिच्याकडे जरा निरखून बघू लागले.

वर्ष भरलं. कोंडाजी भातातलं तण काढायच्या बेणणीत अडकलेला, म्हणून मुंबईला सोबत जनी गेली. तिला सहावा महिना होता. मैना जनीला सोडून राहीना, म्हणून तीही आली. या खेपेला बायजा स्वतःच आत गेली.

"गाठ आहे तेवढीच आहे," डॉक्टर म्हणाला.

"मंग किती दिस ऱ्हायले?"

"कसले?"

"माजे."

डॉक्टर हसला, आणि तिचा चेहरा पाहून थांबला. "बाई, हिच्याने माणूस मरत नाही. साधं पाणी आहे तिच्यात. कितीतरी लोकांना असते, त्यांना ठाऊकही नसतं. ताप आला, कुशीत दुखलं, लघवीतून रक्त गेलं तर या. एरवी तिला हात लावायचा नसतो. म्हणून तर मालकांना सांगितलं होतं, काही करायचं नाही, घरी न्या."

साप साप म्हणून भुई धोपटली होती, आणि ती भुई म्हणजे तिचंच घर होतं.

बाहेर बाकावर मैना जनीच्या मांडीवर निजली होती. हात जनीच्या कानाला.

"काय म्हनला गं, आक्का?"

"मला काय झालेलंच नाय. कदीच नवतं."

जनीने तिला मिठी मारली आणि ती रडली. ते रडणं आनंदाचं होतं, त्यात खोट नव्हती. मग हळूहळू तिचे हात सैल पडले.

"मंग मी आता कुठं जाऊ गं, आक्का?"

मरायची तयारी बायजाने नीट केली होती. जगायची कुणी केली होती?

घरी पोचल्या तेव्हा कोंडाजी पायांचा चिखल धूत होता. त्याने वर पाहिलं. "काय म्हनला डाक्टर?"

जनी उंबऱ्यात थिजली. बायजाने तिच्या पोटाकडे पाहिलं, तिचा पदर धरून उभ्या असलेल्या मैनाकडे पाहिलं.

"त्येच," ती म्हणाली. "काय करायचं नाय म्हनला."

कोंडाजीने मान खाली घातली. जनी चूल पेटवायला आत गेली, मैना तिच्या मागोमाग. बायजाने पडवीत आपलं अंथरूण घातलं. ती एक अक्षरही खोटं बोलली नव्हती.