भागोजीकाकांचं गाऱ्हाणं

“मेल्या संदेशा, आमच्या ह्यांचा आवाज कुठे ठेवलास तेवढं सांग!” मी सगळ्यांदेखत विचारलं. मुरुडच्या किनाऱ्यावर त्याचं शूटिंग चाललं होतं. खेडवरून दोन एसट्या बदलून गेले होते मी, लाजायला गेले नव्हते.

संदेश आमच्याच वाडीतला. लोटे एमआयडीसीतल्या कंपनीत पाळ्या करून त्याने पहिला पिक्चर काढला. नट कुठले परवडायला! वाडीचीच माणसं घेतली आणि आमच्या ह्यांना देवळात गाऱ्हाणं घालायला, वाडीच्या वतीने देवाला साकडं घालायला, उभं केलं. देवाला गाऱ्हाणं घालावं ते ह्यांनीच. आवाज खालच्या वाडीपर्यंत जायचा, तिथली माणसं हातातलं काम टाकून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायची. पिक्चर शाळेत दाखवला तेव्हा मी मागे शंभर माणसांचा चहा करत बसले. म्हटलं, परत बघू, जातोय कुठे. माझी अक्कल!

पुढे संदेशचा दुसरा पिक्चर धो धो चालला. पेपरात फोटो, मोठी गाडी. आमचे हे गेले त्याला दोन वर्षं झाली. बटणांचा साधा फोन वापरायचे, त्यात कसला आवाज राहतोय? मला त्या पहिल्या पिक्चरचीच आशा होती. परवा तो टीव्हीवर लागला. ह्यांनी हात जोडले, तोंड उघडलं, आणि आतून कुणी परकाच माणूस बोलला. गुळगुळीत, पुस्तकातलं. मी अशी ओरडले की सून धावत आली.

“चॅनेलवाले म्हणाले, गावची भाषा लोकांना कळत नाही,” संदेश खाली बघून म्हणाला. “मुंबईत दुसऱ्यांचे आवाज भरले, काकी.”

“मग जुना दे. मला एकटीला दे. कुणाला ऐकवणार नाही.”

त्याने गळ्यातला हेडफोन काढला.

“नाही ओ राहिला. मला वाटलं, त्यांच्याकडे असेल. त्यांना वाटलं, माझ्याकडे असेल. नव्या पिक्चरला जागा हवी म्हणून मी माझी डिस्क पुसली, काकी. त्यांनीही पुसला.”

मी वाळूत मटकन बसले. “अरे, ह्यांना अग्नी दिला तेव्हाही असं झालं नव्हतं रे मला!”

तोही शेजारी बसला. डोळे मिटून त्याने हात जोडले. “बा देवा म्हाराजा, आज वाडीची सगळी लेकरं तुझ्या पायाशी जमली हायत...”

हुबेहूब ह्यांचंच. तसाच दम धरणं, ‘लेकरं’ तसंच लांबवणं. शूटिंगला वीस वेळा ऐकलं होतं त्याने. माझे हात आपोआप जोडले गेले.

“व्हय म्हाराजा,” मी म्हणाले.

“त्यांच्यावर...” तो अडकला. पुन्हा पहिल्यापासून म्हणाला, पुन्हा तिथेच अडकला. “काकी, पुढे काय म्हणायचे भागोजीकाका?”

मला सगळं तोंडपाठ होतं. पण मी सांगितलं असतं तर ते माझ्या आवाजात झालं असतं.

“आठव,” मी त्याचा दंड घट्ट धरला. “तूच आठव रे मेल्या, आठव!”